घरची रीत आणि तोंडची आज्ञा

आमच्या घरीं सकाळचा चहा एकाच मोठ्या पातेल्यांत होतो. साखर किती, आलें किती, दूध केव्हां घालावयाचें, याची रीत ठरून गेलेली आहे. ती कोठें लिहून ठेविलेली नाहीं, आणि घरांतील कोणी ती विचारीतही नाहीं. परंतु एखादे दिवशीं बाहेरगांवचे पाहुणे येतात आणि म्हणतात, "मला आज बिनसाखरेचा." अशा वेळीं दोन प्रश्न उत्पन्न होतात. रीत बलवान् कीं बोललेला शब्द बलवान्, हा पहिला. त्याचें उत्तर लहान मूलही देईल. आज बोललेला शब्द उद्यांही लागू समजावयाचा कीं नाहीं, हा दुसरा. आणि स्वयंपाकघरांतील पुष्कळसे घोटाळे या दुसऱ्या प्रश्नापाशीं होतात. तिसराही एक प्रश्न आहे, पण तो घरांतच राहणाऱ्यास सहसा सुचत नाहीं. आमच्या घरची मुलगी परगांवीं गेली आणि तेथें तिनें नुसतें "चहा करा" म्हटलें, तर आमची रीत कांहीं तिच्याबरोबर जात नाहीं. शब्द तेच, पातेलें तसेंच, आणि चहा मात्र निराळा!

हा तिसरा प्रश्न आमच्या पुतणीपुढें सन २०१९ च्या पावसाळ्यांत अशा रीतीनें उभा राहिला कीं, तिच्या तीन वर्षांच्या कष्टांवर पाणी पडण्याची वेळ आली. या सदराच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें व सुना आज संशोधनाच्या कामांत आहेत. म्हणून ती हकीकत येथें सांगतों.

पाऊस आणि भाताचें पीक यांचा संबंध हा तिच्या प्रबंधाचा विषय. रायगड जिल्ह्यांतील आमच्या बाजूच्या कांहीं गांवांच्या रोजच्या पावसाच्या नोंदी तिनें वह्यांतून जमविल्या, संगणकावर उतरविल्या, आणि 'आर' नांवाच्या सॉफ्टवेअरनें त्यांचें गणित मांडलें. घरच्या संगणकावर कोष्टकें ठीक येत. प्रबंध देण्यापूर्वीं तेंच गणित संस्थेच्या मोठ्या संगणकावर एकदां चालवून पाहावें, असा तेथील शिरस्ता होता. आंकडे तेच, लिहिलेली कृति तीच. आणि कोष्टक आलें तें सर्वस्वीं निराळें. मार्गदर्शक सज्जन खरे, परंतु त्यांनीं विचारलेला प्रश्न तिच्या जिव्हारीं लागला: "घरीं कांहीं आंकडे हातानें सुधारले आहेत काय?" संशोधन करणाराच्या प्रामाणिकपणाविषयींच शंका उत्पन्न झाली, तर मग त्याच्यापाशीं उरलें काय?

दोन्ही कोष्टकें घेऊन ती घरीं आली. "काका, कृतींत एका अक्षराचा फरक नाहीं. मग उत्तरें दोन कशीं?" मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि जन्मभर मुलांस संस्कृत शिकविलेला मनुष्य, मजपाशीं उत्तर नव्हतें. परंतु तिची आई, म्हणजे आमच्या वहिनी, शेजारीं तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांनीं सहज विचारलें, "२००५ सालच्या त्या महापुराच्या दिवशीं किती पाऊस धरला आहे ग?" २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत आणि कोंकणांत जो प्रलय झाला तो कोण विसरेल? एकट्या सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. पुतणीनें पाहिलें. घरच्या कोष्टकांत त्या दिवसापुढें तीन आंकडी संख्या होती. संस्थेच्या कोष्टकांत होते १७. वहिनी म्हणाल्या, "अग, त्या दिवशीं ओसरीच्या दुसऱ्या पायरीला पाणी लागलें होतें. सतरांत कसें लागेल?"

मग तिनें तें कोष्टक ओळीनें वाचलें. जो दिवस अगदीं कोरडा गेला त्या प्रत्येक दिवसापुढें १ मिलिमीटर. आणि मापक बंद असल्यामुळें वहींत "नोंद नाहीं" असे शब्द होते, त्या दिवसापुढें सर्वांत मोठी संख्या! म्हणजे ज्या दिवशीं कोणी पाऊस मोजलाच नाहीं, त्या दिवशीं सर्वांत अधिक पाऊस. येथें रोगाचें मूळ हातीं लागलें.

तें मूळ थोडक्यांत असें आहे. 'आर' एखादा स्तंभ वाचते तेव्हां त्यांत सर्वत्र संख्या असल्या तर तो संख्यांचा समजते. अनोळखी असा एक जरी शब्द आढळला तरी सारा स्तंभ अक्षरांचा समजते. अक्षरांच्या स्तंभाचें पुढें काय करावयाचें याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतींत तीं अक्षरें जशींच्या तशीं ठेवावयाचीं. दुसऱ्या रीतींत त्यांचे वर्ग पाडावयाचे. म्हणजे निरनिराळ्या नोंदी शब्दकोशाप्रमाणें वर्णानुक्रमानें लावून प्रत्येकीस क्रमांक द्यावयाचा. समजा, नोंदी ०, १२, ९, १०० आणि "नोंद नाहीं" अशा पांच आहेत. वर्णानुक्रमानें आधीं ०, मग १००, मग १२, मग ९, आणि शेवटीं शब्द. आतां यांच्या पुन्हां संख्या करा असें सांगितलें, तर पहिल्या रीतीनें ०, १२, ९, १०० हे आंकडे परत मिळतात, शब्दाच्या जागीं रिकामेपणाची खूण पडते, आणि 'आर' तशी सूचनाही देते. दुसऱ्या रीतीनें मात्र आंकडे न मिळतां क्रमांक मिळतात: १, ३, ४, २ आणि ५. सूचना नाहीं, तक्रार नाहीं. शंभर मिलिमीटर पाऊस मुकाट्यानें दोन होऊन बसतो.

पुतणीच्या घरीं पहिली रीत चालू होती. कारण पूर्वीं केव्हां तरी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिनें ती एका फाइलींत लिहून ठेविली होती, आणि मग विसरून गेली होती. संस्थेंत ती फाइल वाचलीच जात नव्हती. तेथें दुसरी रीत लागू झाली.

'आर' ही न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनीं रचलेली संख्याशास्त्राची भाषा. तिची १.० ही आवृत्ति २९ फेब्रुवारी २००० रोजीं निघाली. ती विनामूल्य मिळते, आणि आज देशोदेशींच्या विद्यापीठांत तिचा उपयोग होतो. ती सुरू होतांना अनेक फाइली वाचते. त्यांत प्रथम आजूबाजूची व्यवस्था सांगणाऱ्या फाइली येतात. मग त्या संगणकावरील सर्वांसाठीं व्यवस्थापकानें लिहिलेली फाइल. मग वापरणाराची स्वतःची 'आर-प्रोफाइल' नांवाची फाइल. ही खाजगी फाइल ज्या फोल्डरांत काम चाललें आहे तेथेंच सांपडली, तर तेवढीच वाचली जाते; मूळ घरच्या फोल्डरांत त्याच नांवाची दुसरी असली तरी तिच्याकडे पाहिलें जात नाहीं. या सर्वांच्या मागून, पूर्वींचें काम संपवितांना जें सामान साठवून ठेविलें असेल तें 'आर-डेटा' नांवाच्या फाइलींतून परत आणलें जातें. या दोन्ही नांवांच्या आरंभीं एक टिंब असतें. आणि लिनक्स व मॅक या जातींच्या संगणकांवर टिंबानें आरंभ होणारीं नांवें फाइलींच्या साध्या यादींत दिसत नाहींत. रीत तर आहे, पण ती डोळ्यांस दिसत नाहीं!

ही झाली घरची रीत. आतां तोंडची आज्ञा. चित्रावर टिचकी मारण्याऐवजीं सॉफ्टवेअरचें नांव कळफलकावर लिहून तें सुरू करतां येतें. त्या लिहिलेल्या ओळीस कमांड लाइन म्हणतात. नांवापुढें दोन आडव्या रेघा देऊन कांहीं ठराविक शब्द लिहिले म्हणजे ते त्या एका खेपेपुरते लागू होतात. 'नो-इनिट-फाइल' म्हणजे खाजगी फाइल वाचूं नको. 'नो-साइट-फाइल' म्हणजे सर्वांची फाइलही वाचूं नको. 'नो-रिस्टोअर' म्हणजे मागील सामान आणूं नको. 'नो-सेव्ह' म्हणजे जातांना कांहीं साठवूं नको. हे सर्व निषेध, आणि व्यवस्थेच्या फाइलींचा निषेधही, एका शब्दांत आणावयाचे तर 'व्हॅनिला' हा शब्द लिहावयाचा. आमच्या वाचकांस तो समजावून सांगावयास दुसरा शब्द कशाला शोधावा? व्हॅनिला म्हणजे सोवळें! कालच्या अन्नाचा नाहीं, बाहेरच्या वस्त्राचा नाहीं, कशाचाही स्पर्श म्हणून नाहीं.

संस्थेच्या संगणकावर सर्वांचीं कामें याच सोवळ्यांत चालत. हेतु उत्तम होता. एकाच्या खाजगी आवडीचा दुसऱ्याच्या गणितास संसर्ग होऊं नये, आणि सर्वांस एकच नियम असावा. मग चूक कोणाची?

येथें जरा शास्त्राकडे वळणें भाग आहे. एकाच ठिकाणीं दोन प्रमाणांचा विरोध आला असतां कोणतें बलवान् मानावें, हा विचार जैमिनीनें मीमांसासूत्रांत केलेला आहे. साक्षात् उच्चारलेला शब्द, म्हणजे श्रुति, हा प्रकरणावरून निघणाऱ्या अर्थाहून बलवान्, असा तेथील निर्णय आहे. सॉफ्टवेअरांतही बहुधा असाच क्रम आढळतो. रचणारानें मुळांत घालून दिलेलें मूल्य सर्वांत दुर्बल. त्याहून सर्वांची फाइल बलवान्. तिच्याहून खाजगी फाइल. तिच्याहून कमांड लाइनीवरील शब्द. आणि कृतीच्या आंत, त्या त्या कामाच्या ठिकाणीं, स्पष्ट लिहिलेला शब्द सर्वांत बलवान्.

परंतु या क्रमांत एक खोंच आहे, आणि पुतणीची फसगत तेथेंच झाली. व्हॅनिला हा शब्द अक्षरांच्या स्तंभाचें काय करावें याविषयीं कांहींच सांगत नाहीं. तो कोणतीही रीत घालून देत नाहीं. तो केवळ रीत सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांस गप्प बसवितो. घरचे गप्प बसले म्हणजे सत्य आपोआप बोलूं लागतें, अशी आपली समजूत असते. तसें होत नाहीं. ते गप्प बसले म्हणजे सर्वांत दुर्बल जो, म्हणजे मूळ रचणारा, तो बोलूं लागतो. आणि त्याचीही स्वतःची एक आवड असते. 'आर'च्या रचणारांची आवड वर्ग पाडण्याची होती. संस्थेंतील आवृत्ति ३ या मालिकेंतील असल्यामुळें तेथें वर्ग पडले. पुढें एप्रिल २०२० मध्यें ४.० ही आवृत्ति निघाली, तेव्हां त्यांनीं स्वतःच ही आवड बदलली आणि अक्षरें अक्षरेंच ठेवण्याची रीत मूळची ठरविली. म्हणजे तीच कृति, तेंच सोवळें. आणि जुन्या आवृत्तींत एक उत्तर तर नव्या आवृत्तींत दुसरें!

मग मला पाणिनीची आठवण झाली. अष्टाध्यायींतील पुष्कळ सूत्रांत जेवढीं पदें दिसतात तेवढ्यांनीं अर्थ पुरा होत नाहीं. मागील सूत्रांतील पद पुढें चालत येतें आणि अर्थ पुरा करतें. यास आपण अनुवृत्ति म्हणतों. एखादें सूत्र एकटेंच उचलून दुसऱ्या कागदावर लिहिलें, तर शिकणारास तें लागत नाहीं. पुतणीच्या कृतीचें असेंच झालें होतें. तिच्या घरीं आर-प्रोफाइलमधून एका पदाची अनुवृत्ति येत होती. कृति तेवढी उचलून संस्थेंत नेली, आणि अनुवृत्ति मागें राहिली. भेद इतकाच कीं, पाणिनीच्या सूत्रांत अनुवृत्तीचें पद त्याच ग्रंथांत सर्वांसमोर असतें. येथें तें टिंबामागें दडलेलें होतें. आणि सूत्राचा अर्थ लागला नाहीं तर विद्यार्थी अडतो, निदान विचारतो. संगणक अडला नाहीं, त्यानें दुसरा अर्थ लावून काम पुरें केलें.

आतां चहाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊं. आजचा शब्द उद्यां लागू होतो काय? काम संपवितांना 'आर' विचारते कीं, आजचें सामान साठवून ठेवूं काय? पुष्कळ लोक सवयीनें 'हो' म्हणतात. त्या 'हो'नें त्या दिवशीं निर्माण केलेले तक्ते आणि संख्या साठविल्या जातात. परंतु त्या दिवशीं बदललेल्या आवडीनिवडी मात्र साठविल्या जात नाहींत. म्हणजे उद्यां पातेल्यांत कालचा चहा सांपडेल, पण साखर घालूं नये ही सूचना सांपडणार नाहीं! यांतून दुसरा घोटाळा उद्भवतो. कृतींतील एखादी ओळ चुकून पुसली गेली, तरी त्या ओळीनें पूर्वीं निर्माण केलेला तक्ता साठवणींतून परत येतो, आणि कृति विनातक्रार चालत राहते. परक्या संगणकावर गेल्यावरच ती लंगडी असल्याचें कळतें. 'आर-स्क्रिप्ट' म्हणून लिहिलेली कृति थेट चालविण्याची जी सोय आहे, तींत तर अर्धेंच सोवळें असतें. ती मागील सामान आणीत नाहीं, पण सांगितल्यावांचून खाजगी फाइल वाचण्याचें सोडीत नाहीं. 'स्क्रिप्ट चालविली, म्हणजे सर्व शुद्ध' असें समजणारे येथें फसतात.

हा दोष एकट्या 'आर'चा आहे, असें समजूं नये. 'ऑक्टेव्ह' नांवाच्या गणिती सॉफ्टवेअरासही सुरू होतांना अशा फाइली वाचण्याची रीत आहे, आणि 'नो-आर-सी' असें लिहून ती बंद करतां येते. आलेख काढणाऱ्या 'ग्नूप्लॉट'मध्येंही असाच पर्याय ठेविलेला आहे. 'मॅटप्लॉटलिब' हें पायथन भाषेंतील चित्रांचें साधन, त्याच्या २.० या आवृत्तींत, सन २०१७ मध्यें, रंगपट्टीची मूळ निवड बदलण्यांत आली. ज्यानें आपल्या कृतींत रंगपट्टीचें नांव लिहिलें नव्हतें, त्याचें तेंच चित्र नव्या आवृत्तींत निराळ्या रंगांत आलें. तेथें रंगच बदलले, म्हणून डोळ्यांस दिसलें तरी. आंकडे बदलतात तेव्हां दिसत नाहीं.

तर मग आवडीनिवडी साठवूंच नयेत काय? असें मी म्हणणार नाहीं. रीत नसलेलें घर चालत नाहीं, आणि रोज उठून प्रत्येक गोष्ट नव्यानें सांगत बसणारा मनुष्य काम केव्हां करील? परंतु मर्यादा पाहिजे. ज्या गोष्टीनें केवळ सोय होते, ती खाजगी फाइलींत असावी. छापतांना किती अंक दाखवावयाचे, नवीं साधनें कोणत्या ठिकाणाहून उतरवून घ्यावयाचीं, अशा गोष्टी तेथें शोभतात. ज्या गोष्टीनें उत्तर बदलूं शकतें, ती मात्र कृतीच्या आंत, त्या कामाच्या शेजारींच, स्पष्ट लिहिलेली असली पाहिजे. म्हणजे ती कृतीबरोबर परगांवीं जाईल. आणि काम दुसऱ्याच्या हातीं देण्यापूर्वीं एकदां स्वतःच्या घरीं, नेहमींप्रमाणें आणि व्हॅनिला सोवळ्यांत, असें दोन्ही रीतींनीं तें चालवून पाहावें. दोन्ही उत्तरें जुळलीं नाहींत तर त्याचें कारण आपणच प्रथम शोधावें. दुसऱ्यानें शोधावयाची वाट पाहूं नये.

आपल्या घरांत कोणतेंही धर्मकृत्य असो, आरंभीं संकल्प असतो. देश कोणता, काल कोणता, कर्ता कोण, गोत्र कोणतें, कृत्य कशासाठीं, हें सारें उच्चारल्यावांचून पळीभर पाणी सोडतां येत नाहीं. गुरुजींस यजमानाचें गोत्र ठाऊक असतें, तिथि सर्वांस ठाऊक असते. तरीही ती बोलावी लागते. लहानपणीं मला हा काळाचा अपव्यय वाटे. आज वाटतें कीं, ठाऊक असलेलें बोलून दाखविणें यांतच त्याचें मर्म आहे. 'आर'मध्यें 'सेशन-इन्फो' म्हणून एक आज्ञा आहे. ती आवृत्ति, संगणकाची जात, भाषेची व्यवस्था आणि जोडलेलीं साधनें यांची नोंद छापून देते. ती संकल्पाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा, म्हणजे आपल्या आवडीनिवडी, कर्त्यानें स्वतः लिहावयाचा आहे.

पुतणीनें त्याच रात्रीं दोन शब्द आपल्या कृतींत घातले. अक्षरें अक्षरेंच ठेवावीं, हा एक. आणि "नोंद नाहीं" याचा अर्थ रिकामी जागा, हा दुसरा. सोमवारीं संस्थेंत, पूर्ण सोवळ्यांत, तीच कृति पुन्हां चालविली. कोष्टक घरच्यासारखेंच आलें. मार्गदर्शकांनीं दोन्ही कागद शेजारीं ठेवून पाहिले आणि आपला प्रश्न मोकळ्या मनानें मागें घेतला. प्रबंध यथाकाल सादर झाला.

वहिनींस मात्र आम्हीं संगणकाच्या गोष्टी कितीही सांगितल्या तरी त्यांचें एकच म्हणणें आहे. कोष्टक कोणत्याही यंत्रावर करा. पण शेवटीं तें अशा कोणास तरी दाखवा, कीं ज्यानें तो पाऊस पाहिलेला आहे.